सरावातल्या एका गोळीची किंमत

नाशिकमध्ये नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे पालक मला अनेकदा विचारतात की, परदेशातले नेमबाज वापरलेली काडतुसे स्वतः पुन्हा भरून सरावाचा खर्च कमी करतात, मग आपल्याला ते का जमू नये? प्रश्न रास्त आहे, कारण रायफल एकदाच घ्यावी लागते, गोळ्या मात्र रोज लागतात.

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी केस (बाहेरची नळी), प्रायमर (आघाताने पेटून दारू पेटवणारा भाग), दारू आणि गोळी. केस महाग असते आणि झाडल्यानंतर तेवढीच हाती राहते, म्हणून 300 मीटरच्या सेंटरफायर रायफलीसाठी, म्हणजे जिच्या काडतुसात प्रायमर केसच्या तळाच्या मध्यभागी वेगळा बसवलेला असतो तिच्यासाठी, पुनर्भरण परवडते. 50 मीटरच्या पॉइंट टू टू (.22 इंची) काडतुसात मात्र स्फोटक मिश्रण केसच्या कडेतच भरलेले असते आणि फायरिंग पिनच्या आघाताने ती कड चेपते, त्यामुळे ती केस पुढे भंगारातच जाते. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो 50 मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरण्याचा) हा याच काडतुसांचा प्रकार असल्यामुळे त्यात प्रत्येक गोळी नवीच विकत घ्यावी लागते. शिवाय आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे, त्यामुळे घरगुती प्रयोगाचा विचारही कोणी करू नये.

आपली बहुतेक मुले 10 मीटर एअर रायफलवर सुरुवात करतात आणि तिथे ना केस असते ना दारू. असतो तो 4.5 मिलिमीटरचा शिशाचा पेलेट, म्हणजे छर्रा. स्पर्धेच्या दर्जाच्या पेलेटचा डबा साधारणपणे 500 नगांचा असतो. त्याची किंमत 1,500 रुपये धरली, तर एक पेलेट 3 रुपयांना पडतो. रोज 100 पेलेट याप्रमाणे महिन्यातले 25 दिवस सराव केल्यास 5 डबे, म्हणजे 7,500 रुपये लागतात. मध्यमवर्गीय घराला हा आकडा जड जातो, हे मी जवळून पाहिले आहे.

यावर स्वस्त पेलेट हा उपाय अनेकजण सुचवतात, पण तो मला मान्य नाही. दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. पेलेटच कमीजास्त आकाराचे असतील, तर चूक हाताची की पेलेटची हे मुलाला कळणारच नाही, आणि असा सराव कितीही स्वस्त असला तरी वायाच जातो. खर्च कमी करण्याची खरी जागा ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे पेलेट न झाडता केलेला सराव, ही आहे. स्पर्धेच्या एअर रायफलींमध्ये पेलेट आणि हवा न वापरता ट्रिगर दाबण्याची सोय बहुधा असते, आणि उभे राहण्याची ढब, श्वास, ट्रिगरवरचा दाब व गोळी सुटल्यानंतरची स्थिरता यांचा अभ्यास त्यात पूर्ण होतो. 100 पैकी 60 फैरी अशा कोरड्या घेतल्या, तर महिन्याला 1,000 पेलेट, म्हणजे 2 डबे पुरतात आणि खर्च 3,000 रुपयांवर येतो. उरलेले 40 पेलेट मात्र मुलाने स्पर्धेइतक्याच गांभीर्याने झाडावेत आणि प्रत्येकाची नोंद वहीत करावी.

पालकांनी एकत्र येऊन एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले, डबे मागवावेत, असेही मी सुचवेन. मात्र त्याआधी वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा मागवून रायफल स्टँडला घट्ट बसवून ग्रुपिंग, म्हणजे छिद्रे एकमेकांच्या किती जवळ पडतात ते, पाहावे, कारण 4.49 आणि 4.50 मिलिमीटर या मापांपैकी कोणते आपल्या बॅरलला मानवते, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.