माहेर कोणाचे?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून द्यावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा मी आधी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. त्या ट्रंकेत माझी नववीतली निबंधाची वही आहे. तीन वेळा घर बदलले, बरेच काही रद्दीत गेले, पण ती वही मात्र राहिली. आणि ती राहिली याचे श्रेय माझ्या निबंधांना नसून, एका पानाच्या समासात लाल पेन्सिलीने लिहिलेल्या दोन शब्दांना आहे.

विषय होता ‘माझे आवडते शहर’. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या तयार निबंधांच्या पुस्तकातली वाक्ये उचलून, त्यांना थोडे माझ्या पदरचे अलंकार चढवून मी दोन पाने भरली होती. ‘पुणे हे विद्येचे माहेरघर आहे’ हे पहिलेच वाक्य होते आणि ते मला अतिशय आवडले होते. वही परत आली तेव्हा दहापैकी पाच गुण होते, ‘माहेरघर’ या शब्दाखाली रेघ होती आणि शेजारी विचारले होते, ‘माहेर कोणाचे?’

बाईंचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. स्वतःचे नाव छापून आलेले त्यांना मुळीच खपत नसे आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कोणालाही ते सांगावे लागणार नाही. मराठीच्या बाई म्हटले की १९७५ ते १९९० या काळातल्या सगळ्या तुकड्यांना एकच चेहरा आठवेल.

मी वही घेऊन शिक्षकखोलीच्या दाराशी गेलो आणि माझे काय चुकले ते विचारले. बाई म्हणाल्या, “चुकलं काही नाही. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा आहे, तो बघून ये. मग बोलू.” मी त्या शनिवारी गेलो. खाली दुकाने, वर जुने लाकडी बांधकाम आणि रस्त्यावर गर्दी; बघण्यासारखे काय आहे, ते मला कळले नाही आणि सोमवारी मी तसे प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर बाईंनी त्या दिवशीचा व्याकरणाचा तास रद्द केला.

१८४८ साली त्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, हे वाक्य आम्ही इतिहासाच्या पुस्तकात पाठ केलेले होते. बाईंनी त्या तासाला सांगितले ते पाठांतरातले नव्हते. सावित्रीबाईंच्या अंगावर वाटेत शेण आणि चिखल टाकत, म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे घेऊन शाळेत जात, आणि ही वाट याच शहराची होती, ज्याला आम्ही सगळे निबंधात माहेरघर म्हणत होतो. याच शिक्षिकेने १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, स्वतःच्या कवितांचे पुस्तक छापले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. बाईंनी त्या निबंधाचा काही भाग आम्हांला वाचून दाखवला, वही मिटली आणि म्हणाल्या, “ही मुलगी साधारण तुमच्याच वयाची. तिचं माहेर कुठलं, ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. आपण कुणाबद्दल लिहितोय आणि ते कुणी वाचायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.”

वर्गात कोणी चुळबूळ केली नाही. मी मात्र वही दप्तरात सरकवली, कारण माझ्या दोन पानांत शनिवारवाडा होता, पर्वती होती, मुळा-मुठेचा संगम होता, पण माणूस एकही नव्हता.

त्यानंतरचे काही आठवडे बाई अभ्यासक्रमापासून बऱ्याच दूर फिरत राहिल्या. चिपळूणकर आणि टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि वर्षभरातच, १८८१ मध्ये, ‘केसरी’ सुरू झाला. शाळा आणि छापखाना ही या मंडळींना दोन वेगळी कामे वाटतच नव्हती, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत. त्यांचा जीव खरा आगरकरांवर होता. ‘केसरी’चे पहिले संपादक असलेल्या आगरकरांनी मतभेद झाल्यावर १८८८ मध्ये स्वतःचा ‘सुधारक’ काढला आणि फर्ग्युसनमधले शिकवणेही सोडले नाही, हे सांगताना बाईंचा आवाज किंचित चढत असे. परीक्षेला यातले काहीही आले नाही, याची नोंद पालकसभेत काही पालकांनी घेतली होती, असे नंतर कळले.

१९८२ साली मी दहावी झालो. पुढे विज्ञानाची पदवी, मग बी.एड. आणि मग रात्रशाळेतली नोकरी, जी मी निवृत्तीपर्यंत केली. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही; एका प्रसंगाविषयी मात्र लिहिले पाहिजे.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले, त्यानंतरच्या वर्षी आम्ही काही तरुण शिक्षकांनी पर्वतीच्या पायथ्याजवळ प्रौढांसाठी वर्ग काढला. बाराखडी येऊ लागलेल्या माणसांना वाचायला द्यावे असे आमच्यापाशी काही नव्हते, म्हणून एकपानी वाचनपत्रे लिहिण्याचे काम मी अंगावर घेतले. पहिले पत्र स्वच्छतेवर होते. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने अक्षरे कोरायची, चुकले तर नेलपॉलिशसारख्या वासाचे लाल द्रव लावून फुंकर मारायची आणि मग सायक्लोस्टाइलच्या रोलरवर शाई चढवून एकेक प्रत काढायची, असा तो खटाटोप होता. रात्री एकपर्यंत बसून मी साठ प्रती काढल्या. त्यात ‘नित्य स्नान करावे’, ‘परिसर निर्मळ राखावा’ अशी वाक्ये होती. वर्गात एका अमृततुल्यात चहा करणारा, मराठवाड्यातून आलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस येत असे. त्याने अक्षर अक्षर लावत ते पत्र शेवटपर्यंत वाचले, घडी घातली आणि विचारले, “सर, आम्ही आंघोळ करत नाही असं तुम्हांला कुणी सांगितलं?”

तो पहाटे चार वाजता थंड पाण्याने आंघोळ करून भट्टी पेटवत असे. मला उत्तर देता आले नाही. घरी परतताना माझ्या डोळ्यांपुढे लाल पेन्सिल होती. नववीतल्या माझ्या निबंधात माणूस नव्हता. या पत्रात माणूस होता, पण तो मी कधी न पाहिलेला, कुठल्यातरी पुस्तकातून उचललेला होता.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहिले नाही आणि तुम्हांला काय वाचायचे आहे, एवढेच विचारले. पीएमटीच्या बसवरची पाटी, पगाराच्या कागदावर किती कापले ते, घरभाड्याची पावती, औषधाच्या बाटलीवर कधीपर्यंत चालेल ते, अशी यादी निघाली, आणि पुढची अनेक वर्षे मी त्या यादीतून वाचनपत्रे लिहीत राहिलो. पण त्याआधी मी त्या चहावाल्या गृहस्थांना म्हटले की, तुम्ही सांगा, मी लिहितो. त्यांनी चहा सांगितला. पितळी पातेले आधी कोमट करायचे, एक लिटर दुधाला पाऊण लिटर पाणी, वेलदोडा आणि आले खलबत्त्यात कुटायचे पण पीठ करायचे नाही, उकळी वर आली की विस्तव कमी करायचा आणि फडक्यातून गाळायचे. मी त्यांचीच वाक्ये ठेवली. त्या रात्री साठही प्रती वर्गातून घरी गेल्या. स्वच्छतेच्या पत्राच्या तीसेक प्रती बाकांखाली सापडल्या होत्या.

ती प्रत घेऊन मी सदाशिव पेठेत बाईंच्या घरी गेलो. शाबासकी मिळेल, अशी आशा होती, हे कबूल करतो. बाईंनी चष्मा लावून पान दोनदा वाचले, पेन्सिल हातात घेतली, कोठेही रेघ न मारता ती खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आलं किती घालायचं, ते यात नाही.”

मी तसाच अमृततुल्यात गेलो. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, “ते ठरलेलं नसतं, सर. पावसाळ्यात जास्त लागतं, उन्हाळ्यात चिमूटभर पुरतं. हे पण लिहायचं असतं व्हय?” लिहायचे असते, मी म्हटले, आणि या वेळी स्टेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. चहाचा हात पुसून त्यांनी लेखणी मुठीत धरली आणि ते एक वाक्य कोरायला जवळजवळ वीस मिनिटे घेतली. जोर जास्त झाल्यामुळे मेणाचा कागद ‘जास्त’च्या कान्यापाशी फाटला आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीवर तेथे शाईचा मोठा डाग उमटला. भिडे वाडा आता राहिला नाही. मोडकळीला आलेला तो वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. डागाची एक प्रत मात्र माझ्या त्याच वहीत, पाच गुणांच्या निबंधाच्या पानात आहे.