तुम्ही विचारलेत म्हणून: गाडीचे ब्रेक मी घरी का बदलतो

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या आवारात गाडीचे पुढचे चाक उतरवून मी बसलेला दिसलो की येणारे-जाणारे कोणीतरी थांबतेच, आणि प्रश्न बहुधा एकच असतो: ऑइल, फिल्टर, बॅटरी ही कामे समजू शकतो, पण ब्रेकसारखी जोखमीची गोष्ट गाडीच्या कंपनीचे नसलेले, बाहेरचे पार्ट आणून घरी कशी काय बदलता, भीती वाटत नाही का? हात काळे असताना उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून येथे नीट लिहितो. भीती वाटते. ती वाटते म्हणूनच हे काम मी स्वतःकडे घेतले.

आमचे गाव साखरप्याच्या बाजूला आणि राहणे कोल्हापुरात, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा आंबा घाट उतरणे ठरलेले. गाडी २०१३ सालची रेनॉची डिझेल डस्टर. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गाडीत पाच माणसे आणि मागे सामान घेऊन आम्ही घाट उतरत होतो. पुढे भरलेला ट्रक होता आणि त्याच्या मागे मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकवर सतत हलका पाय देत राहिलो. ती चूक माझी होती. निम्म्यावर जळका वास येऊ लागला, आणि पुढच्या वळणाआधी पाय दाबला तेव्हा पेडल दगडासारखे कडक लागले, पण गाडी हवी तशी हळू होईना. दुसरा गिअर टाकला, इंजिनाने गाडीला आवरले आणि रस्ता रुंद झाला तेथे कडेला घेऊन थांबलो. आईने मागून विचारले, "का रे थांबलास? कुणाला मळमळतंय का?" मी हो म्हणालो. पुढच्या चाकाजवळ हात नेववत नव्हता इतकी धग होती. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी, बिडाची (ओतीव लोखंडाची) असते, आणि लालबुंद तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर ते तडकते हे माहीत असल्यामुळे बाटली हातात असूनही ओतली नाही, आणि पाऊण तास तसेच उभे राहिलो.

पेडल कडक असूनही गाडी न थांबणे आणि पेडल खाली खाली जात राहणे, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून रोखणाऱ्या पॅडचा मसाला (घर्षणाचा थर) प्रमाणाबाहेर तापून त्याची पकड कमी होते. दुसऱ्यात ब्रेक ऑइल उकळते, त्याची वाफ नळीत दबते आणि पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यापर्यंत, पोहोचतच नाही. माझे दुखणे पहिले होते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १७०० किलोच्या आसपास धरले, तर दर १०० मीटर उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती साधारण ५ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. त्यातला काही वाटा इंजिन आणि हवा घेते. उरलेला सगळा ब्रेकवर येतो, आणि उतारावर गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे त्यातलाही मोठा हिस्सा पुढच्या दोन डिस्कना सोसावा लागतो.

कोल्हापुरात परतल्यावर चाके उतरवून पाहिले. पॅड जेमतेम आठ हजार किलोमीटर चालले होते. ज्या गॅरेजमध्ये ते घातले होते तेथे मला एका नावाजलेल्या कंपनीची पेटी दाखवली होती, पण आता त्या पॅडच्या मसाल्याला आडवी चीर गेलेली होती, कडा बिस्किटासारख्या झडत होत्या आणि एका कोपऱ्यात मसाला पोलादी पट्टीपासून सुटून नखाने उचलता येत होता. पेटीवरचे नाव खरे होते, माल त्या कंपनीचा नव्हता. त्याहून वाईट गोष्ट पुढे दिसली. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक होता आणि आतला पट्टीला टेकला होता. या गाडीचा कॅलिपर दोन पिनांवर आडवा सरकतो. पॅड ढकलणारा पिस्टन एकाच बाजूला असतो, आणि कॅलिपर मोकळा सरकला तरच दुसऱ्या बाजूचा पॅड डिस्कला तेवढ्याच जोराने लागतो. पिन अडकली की आतला पॅड एकटा राबतो. ती पिन काढायला मला पकडीने पिळून पिळून दहा मिनिटे लागली. बाहेर आली तेव्हा तिच्यावरचे ग्रीस वाळून गुळाच्या पाकासारखे झाले होते. पॅड बदलताना ती कोणी उपसलीच नव्हती. ते काम वीस मिनिटांत झाले होते आणि लवकर झाले म्हणून मी आभारही मानले होते.

म्हणजे बाहेरच्या पार्टची भीती बाळगणाऱ्यांचे निम्मे बरोबर आहे. फक्त ती भीती कशाची धरायची हे नीट पाहिले पाहिजे. गाडी बनवणारी कंपनी सहसा स्वतः पॅड बनवत नाही. ते ब्रेकच्या कारखान्यांकडून घेते. चेन्नईच्या ब्रेक्स इंडियासारखे उत्पादक गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या पेटीत बाजारातही विकतात. अशा उत्पादकाचा पार्ट विश्वासू वितरकाकडून, पक्क्या बिलावर घेतला तर तो बाहेरचा आहे म्हणून कमी दर्जाचा ठरत नाही. नकली माल मात्र कोणत्याही पेटीत येऊ शकतो, गाडीच्या कंपनीच्या पेटीतसुद्धा. शिवाय जुन्या डस्टरचे उत्पादन भारतात २०२२ साली थांबले, आणि त्यानंतर माझ्यासारख्यांना बाजाराकडे वळण्यावाचून फारसा मार्ग उरला नाही.

खरेदीला मी आता वेळ देतो. गाडीचे नाव आणि साल सांगून पार्ट मागत नाही, चासी नंबर देतो, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या व्यासांच्या डिस्क आलेल्या असतात. जुना पॅड सोबत नेतो आणि काउंटरवरच नव्याच्या पट्टीवर ठेवून कान, खाचा आणि जाडी जुळवून पाहतो. मसाल्याच्या कडेवर किंवा पट्टीच्या मागे छापलेली दोन अक्षरे वाचतो. ती घर्षणाची असतात: पहिले अक्षर सामान्य तापमानाचे, दुसरे खूप तापल्यावरचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाट उतरणाऱ्याने दुसऱ्या अक्षराकडे जास्त लक्ष द्यावे. पहिले एफ आणि दुसरे ई असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणारा आहे, आणि असा पॅड मी घेत नाही. पेटीवर वर्तुळातले ई आणि त्याच्यासोबत ९०आर असा क्रमांक असेल तर तो युरोपच्या बदली पॅडांच्या नियमात बसलेला असतो, ज्यात त्याची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडेतिकडे असावी लागते. अर्थात छापलेली अक्षरे नकली मालावरही छापता येतात. म्हणून दुकान महत्त्वाचे, बिल महत्त्वाचे आणि अंक पडताळण्याची सोय उत्पादकाने दिली असेल तर ती काउंटरवर उभे असतानाच वापरलेली बरी.

डिस्कच्या बाबतीत मला धंद्याचा उपयोग होतो. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत माझी बावीस वर्षे गेली, आणि ब्रेकची डिस्क म्हणजे शेवटी आमचेच बीड. त्यात ग्राफाइटचे पापुद्रे पसरलेले असतात. ते उष्णता पटकन वाहून नेतात आणि कंपन गिळतात, म्हणून इतक्या वर्षांत इतके धातू येऊनही सर्वसाधारण गाडीची डिस्क बिडाचीच राहिली आहे. ओतताना एखादा भाग लवकर निवला तर तेथे पांढरे, कठीण बीड तयार होते, आणि तसा कठीण डाग पॅडखाली वेगळा वागतो. नवी डिस्क हातात घेतली की मी तिच्या दोन पाट्यांमधल्या हवेच्या वाटा उजेडासमोर धरून पाहतो. साच्याची वाळू अडकलेली असेल किंवा एका बाजूची पाटी दुसरीपेक्षा जाड असेल तर ती परत करतो. भोके पाडलेल्या, शोभिवंत डिस्क मी घाटाच्या गाडीला घालत नाही. भोकाच्या कडेला चीर सुरू होताना मी पुरेशा वेळा पाहिली आहे.

जुन्या डिस्क मी आधी शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्याकडे पृष्ठभाग तासून सपाट करून घ्यायला नेल्या होत्या. त्याने त्या हातात फिरवल्या आणि म्हणाला, "सायेब, टर्निंग मारून देतो की, पण माप उरंल का बघा आधी." डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटर लावला तर एक डिस्क त्या आकड्यापेक्षा आधीच ०.३ मिलिमीटर खाली होती. तो पैसे घेऊ शकला असता. त्याने डिस्क परत केल्या, आणि मी तेव्हापासून त्याच्याकडेच जातो.

प्रत्यक्ष कामात पार्ट बसवणे हा सगळ्यात सोपा भाग आहे. सपाट सिमेंटची जागा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण, आणि जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँड, एवढे नसेल तर मी पाना हातात घेत नाही. कॅलिपर सोडल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. मी तो तारेने स्प्रिंगला बांधतो. धूळ फुंकायची नाही आणि हवेने उडवायची नाही. ती बारीक असते, जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉसही असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधतो. डिस्क उतरली की मागे हबचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, तोंडवळा दिसतो, आणि त्यावर हमखास तांबूस गंजाचे कडे असते. नवे ब्रेक घातल्यावर काही हजार किलोमीटरांनी स्टिअरिंग थरथरू लागले की लोक डिस्क वाकडी झाली असे म्हणतात, पण अनेकदा दोष त्या कड्याचा असतो. त्याच्यावर नवी डिस्क किंचित तिरकी बसते, प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते, आणि ती जागा झिजून डिस्कची जाडी कमी-जास्त होते. तारेच्या ब्रशने हब उजळ होईपर्यंत घासणे, डिस्क बसवून ती फिरताना किती डुलते हे मोजणारे डायल गेज लावणे आणि काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला का ते पाहणे, यात माझा अर्धा तास जातो. तो अर्धा तास कोणत्याही गॅरेजने द्यावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे, हे मला कळते.

पिना दोन्ही बाजूंच्या काढून, भोके पुसून, फक्त सिलिकॉन ग्रीस लावतो. साधे ग्रीस रबर फुगवते. नव्या डिस्कवरचा गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने धुतल्याशिवाय पॅड लावत नाही. पिस्टन मागे ढकलण्याआधी बॉनेट उघडून ऑइलच्या डबीची पातळी पाहतो, कारण ते वर चढून सांडले तर गाडीचा रंग खाऊन टाकते. आणि शेवटी, गाडी हलवण्याआधी, पत्नी चालकाच्या जागी बसते आणि पेडल दाबते. पहिल्यांदा ते थेट खाली जाते. तिने "खाली गेलं" म्हटले की मी कॅलिपरकडे पाहतो, मग "आता जरा वर आलं," आणि चौथ्या-पाचव्या वेळी "कडक." पिस्टन पॅडला टेकल्याची ती खूण आहे. हे न करता कोणी गाडी रिव्हर्स घेतली तर पहिल्या दाबाला ब्रेकच नसतो.

त्यानंतर पहाटे रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवतो आणि मग ब्रेक न वापरता गाडी चालवून सगळे निवू देतो. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो तो यातच.

ऑइलची नळी उघडण्याचे काम मी घरी करत नाही. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत नळीत हवा धरली तर ती काढायला काही वेळा यंत्र जोडावे लागते, ते माझ्याकडे नाही. दर दोन वर्षांनी डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल बदलून घ्यायला मी गॅरेजलाच जातो, कारण ते ओलावा शोषते: नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात हा फरक पायाला कळतो. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम आहेत, त्यांचे लायनरही मी तेथेच बदलून घेतो आणि जवळ उभा राहतो.

हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न येतो तो, आमच्याही गाडीचे कराल का? दुसऱ्याच्या गाडीचे ब्रेक मी करत नाही. मात्र चाक उतरवून माप घेऊन देतो. गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा बाहेरचा पॅड ७ मिलिमीटर निघाला आणि आतला २. दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले, त्याखाली "दोन्ही पिना काढून साफ करणे" असे लिहिले, आणि गॅरेजमध्ये हे होईपर्यंत तेथून हलू नका असे सांगितले. संध्याकाळी त्यांनी काढलेली पिन फडक्यात गुंडाळून मला दाखवायला आणली. एका बाजूने ती पार खरवडून गेली होती.