फॅन चांगलाच होता, तरी परत आला

भोसरीत आमच्याकडे खाणींसाठी लागणारे अॅक्झियल (हवा दांड्याच्या दिशेनं सरळ ढकलणारे) फॅन बनतात. खाणीत पुढे खणत गेलेला बोगदा टोकाला बंद असतो, तिथे मेन फॅनची हवा आपोआप पोचत नाही, मग हा छोटा फॅन लावून कापडी डक्टमधून हवा फेसपर्यंत, म्हणजे खणायचं काम चालतं त्या टोकापर्यंत, फुंकायची.

तर विदर्भातल्या एका खाणीतून फॅन परत आला, सोबत चिठ्ठी, "हवा देत नाही, मोठा द्या". टेस्ट बेडवर चढवला तर हवा प्लेटवर लिहिल्याइतकीच, करंट पण नॉर्मल. फिरायची दिशा मुद्दाम बघितली, कारण थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की हा फॅन हवा उलटीकडे ढकलतो आणि शिव्या आम्ही खातो. तीही बरोबर.

मार्केटिंगवाला मोठ्याचं कोटेशन काढायला बसलाच होता (त्याला काय, ऑर्डर). हाच फॅन जोरात फिरवून २० टक्के हवा जास्त काढायची तर पॉवर ७३ टक्के जास्त लागते, मोटर फुकट येत नाही. म्हटलं थांब, आधी फोरमनला फोन करतो.

"सर, इथला दुसरा पंखा तर मस्त फिरून राहिला, पण ब्लास्टनंतर धूरच नाही जात."

"भाऊ, ठेवलाय कुठे?"

"बोगद्याच्या तोंडावरच आहे ना."

म्हटलं ब्लास्ट नसेल तेव्हा तोंडाशी, छताजवळ चिमूटभर टाल्कम पावडर उडवा आणि कुठे जाते बघा. संध्याकाळी वर आल्यावर त्याचा फोन, "सर, पावडर बाहेर आली अन् वळून पंख्यातच घुसली ना!"

म्हणजे फेसवरून परतलेली वापरलेली हवाच फॅन पुन्हा आत ढकलत होता. ब्लास्टचा कार्बन मोनॉक्साइड तसाच गोल गोल फिरणार, त्याला वास नसतो आणि आपल्याकडे खाणीत मर्यादा फक्त ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५०. मोठा फॅन लावला असता तर अजून वाईट, गॅलरीत (बोगदा जिथून फुटतो त्या खाणीतल्या रस्त्यात) जेवढी ताजी हवा येते त्याहून जास्त तो ओढणार आणि कमी पडेल ती परतीच्या हवेतून घेणार.

फॅन तोंडापासून मागे, ताजी हवा येते त्या बाजूला सरकवायला सांगितला, मधे डक्ट वाढवला, फाटलेले जॉइंट शिवून घेतले. धूर जायला लागला. आमचा फॅन रंग मारून परत पाठवला, बिल फक्त टेम्पोच्या भाड्याचं. ते अजून आलेलं नाही.