तेरा तारखेचा शुक्रवार

आज आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. तेरा, शुक्रवार. फोनवर माझ्या तोंडून चटकन निघून गेलं, "दुसरी कुठली मिळेल का?" पलीकडच्या बाईंना काहीच नवल वाटलं नाही. "त्या दिवशी बरेच जण नको म्हणतात, म्हणून तर सकाळची पहिली वेळ मोकळी आहे," त्या म्हणाल्या. उद्या कळवते म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून मनात तेच. तेरानं माझं आजवर काय वाकडं केलंय? आठवून पाहिलं, एकही गोष्ट सापडली नाही. मग ही भीती माझ्यात शिरली कुठून?

सगळे झोपल्यावर वाचत बसले. तेराचं मूळ बहुतेक जण येशूच्या शेवटच्या भोजनाशी नेऊन जोडतात. जेवायला तेरा जण, त्यातलाच एक दगा देणारा, आणि शुक्रवारी येशू क्रुसावर. म्हणजे भयं मुळात दोन, तेराचं वेगळं आणि शुक्रवारचं वेगळं. त्यांची जोडी जमली ती फार उशिरा. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप यानं टेम्प्लर सरदारांची, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका पंथाची, धरपकड केली तो दिवस, १३ ऑक्टोबर १३०७, शुक्रवारच होता हे खरं. पण भीतीचं कारण म्हणून तो दिवस पुढे करायला लागले ते अलीकडे. बॅबिलोनचा प्राचीन राजा हम्मुराबी याच्या कायद्यात तेरावं कलमच नाही, असं तर मी स्वतः कुणाकुणाला ठासून सांगितलंय. आज कळलं की तो कायदा कोरलेल्या काळ्या शिळेवर कलमांना आकडेच घातलेले नाहीत. १९०१ मध्ये शिळा सापडली, मग भाषांतर करणाऱ्यांनी सोयीसाठी क्रमांक दिले. खोटी गोष्ट मी इतक्या खात्रीनं पसरवली याचं मनापासून वाईट वाटलं.

चारची गोष्ट मात्र मनात घर करून बसली. चिनी भाषेत चारला 'स्स' म्हणतात आणि मरणालाही 'स्स'. फरक फक्त सुराचा, एकात आवाज वरून खाली पडतो, दुसऱ्यात आधी खाली जाऊन किंचित वर येतो. जपानीत तर दोन्ही 'शी'. नऊचा उच्चार 'कू', तोच दुःखाचाही. म्हणून तिथल्या कितीतरी दवाखान्यांत चार आणि नऊ नंबरची खोली नसते, आणि मोजताना 'शी' टाळून 'योन' म्हणतात. मी अंधारात दोन-तीनदा 'शी' पुटपुटून पाहिलं. माझ्या कानाला काहीच झालं नाही. आपल्याकडे चार म्हणजे चार शब्द, चार माणसं, चार पैसे, सगळं आपुलकीचंच. पण आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या कुणाला खोलीच्या दारावर तो उच्चार दिसला, तर पोटात गोळा येईलच. त्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही.

इटलीत सतरा नको असतो. रोमन आकड्यांत सतरा लिहिला आणि त्याच अक्षरांची जागा बदलली की लॅटिन शब्द होतो 'विक्सी'. अर्थ, 'मी जगलो'. भूतकाळ, म्हणजे आता नाही. एवढ्यावरून!

मग वही काढून एक हिशेब ताडून पाहिला. आपलं कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारांसकट जसंच्या तसं परत येतं. त्यात महिने ४,८००. तेरा तारीख ६८८ वेळा शुक्रवारी येते, गुरुवारी आणि शनिवारी ६८४ वेळा. बाकीचे वार या दोहोंच्या मधे. म्हणजे तेरा तारखेला सगळ्यात जास्त येणारा वार शुक्रवारच. इतका नेहमीचा दिवस! असा एक तरी दरवर्षी येतोच, कधी तीनही येतात, आणि माझे असे किती गेले असतील, मला पत्ताही नाही. दोन वाजले होते. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

सकाळी आईला सांगितलं, "तेरा तारीख आहे, शुक्रवार. तुला चालेल ना?"

ती सुईत दोरा ओवायच्या खटपटीत होती. दोरा नाकाशी धरलेला, तरी नेढं चुकतच होतं.

"तुला रजा मिळेल का त्या दिवशी?"

"मिळेल."

"मग झालं. आधी हे ओवून दे."

दोरा ओवून दिला आणि फोन लावला. सकाळची पहिली वेळ अजून मोकळीच होती.