हात मागे

स्मरणिका समितीचं पत्र आलं तेव्हा मी भोसरीच्या शेडमध्ये होतो. 'शिक्षक, वास्तू व उपक्रम यांचा आढावा घेणारे मनोगत पाठवावे' असं त्यात होतं. आढावा मला जमणार नाही. माझ्या काळात दोन प्राचार्य झाले, दोघेही मोठे, त्यांच्याबद्दल इतर लिहितीलच. मी कॉलेजात पाच वर्षं होतो असं मार्कशीट सांगतं. मला आठवतो तो १९९२चा पावसाळा आणि जिमखान्यातले सर. नाव लिहीत नाही. 'सर आहेत का?' असं जिमखान्याच्या पायरीवर उभं राहून विचारलं, की कोणते सर, असं कुणी उलट विचारत नसे.

मी पुण्याच्या नारायण पेठेतला. आमच्याकडे खेळ म्हणजे खो-खो, नाहीतर वाड्याच्या चौकातलं क्रिकेट. फुटबॉल कॅम्पात, खडकीला, दापोडीला, घोरपडीला खेळतात असं ऐकून माहीत होतं, बस. एकदा खो-खोच्या सरावात मी खांबापाशी सूर मारला, तो सरांनी पाहिला. म्हणाले, "हाच सूर गोलमध्ये मारशील?"

"सर, मला फुटबॉल येत नाही."

"गोलकीपरला कुठे यावा लागतो?"

हे वाक्य वर्षभर खरं होतं. मग नियम बदलला.

तोपर्यंत आमची सगळी युद्धनीती एकच होती. एक गोल झाला की बॅकने, म्हणजे बचावातल्या पोराने, चेंडू मागे मला द्यायचा, मी तो उचलून पोटाशी धरायचा, दोन टप्पे टाकायचे, पुन्हा बॅककडे सरकवायचा, त्याने पुन्हा मला. घड्याळ पुढे जात राहायचं. जगभर हेच चाललं होतं. १९९०च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत मिळून ११५च गोल झाले, हा आकडा सर एखाद्या कर्जदाराचं नाव घ्यावं तसा घेत. डेन्मार्कने जून १९९२मध्ये युरोपचं अजिंक्यपद जिंकलं तेही असेच चेंडू मागे देत देत, आणि लगेच जुलैपासून नवा नियम लागू झाला.

सर स्वतः रेफरी होते. त्यांनी एका फुलस्केपवर लाल शाईने, शाळामास्तरी अक्षरात लिहून नोटीस बोर्डावर लावलं: 'सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळू नये. हाताळल्यास अप्रत्यक्ष फ्री किक.' खाली दोन रेघा. पोरांनी वाचलं आणि विसरले. सर विसरले नाहीत. रोज सकाळी सहाला ते माझे दोन्ही हात पाठीमागे पंचाने बांधायचे (पंचा त्यांचाच, सायकलच्या कॅरिअरला कायम लावलेला) आणि आमच्या लेफ्ट बॅकला चेंडू मागे द्यायला लावायचे. पंधरा मिनिटं. चिखलात हात बांधलेल्या माणसाचा तोल कसा जातो ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. खो-खोची पोरं कडेला बसून हसायची. माझ्याकडचे ग्लोव्हज म्हणजे वडिलांचे स्कूटर चालवायचे हातमोजे, ते त्या पंधरा मिनिटांत सरांच्या खिशात असायचे.

हंगाम म्हणजे आजच्या पोरांना वाटतो तसा सहा महिन्यांचा नव्हे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की त्याच संध्याकाळी हंगाम संपला. आमचे चार सामने झाले. पहिले दोन जिंकलो. एकात समोरच्या संघाकडे नऊच बूट जोड होते, दोघं अनवाणी खेळले आणि त्यातल्याच एकाने आम्हाला गोल मारला, एवढं आठवतं.

उपांत्य सामना कॅम्पातल्या कॉलेजशी होता. रात्रभर पाऊस, फक्कीच्या रेषा धुऊन गेलेल्या, त्या पुन्हा मारल्या तर पांढरा चिखल झाला. आम्ही पीएमटीच्या बसने गेलो, जाळीची पिशवी माझ्या मांडीवर. उत्तरार्धात एक गोलने पुढे होतो. दहा-बारा मिनिटं उरली असतील. लेफ्ट बॅकने सवयीने चेंडू मागे दिला. महिनाभर सराव केलेलाच चेंडू, पण तो डबक्यात येऊन थांबला. त्यांचा फॉरवर्ड धावत येताना दिसला आणि मी पुढे होऊन, सरळ, दोन्ही हातांनी चेंडू उचलला.

शिट्टी झाली. मला अजून ती ऐकू येते.

जागा पेनल्टी स्पॉटच्याही अलीकडे, गोलपासून आठ-नऊ यार्डांवर. इतक्या जवळ दहा यार्ड मागे जायला जागाच नसते, म्हणून सगळा संघ दोन खांबांच्या मध्ये गोलरेषेवर उभा. अकरा जण, चिखलाने माखलेले, गर्दीच्या वेळच्या पीएमटीतल्यासारखे. समोर त्यांचा कॅप्टन. त्याच्या लाथेची ख्याती आम्ही आठवडाभर ऐकत होतो. रेफरीने हात वर धरलेला. अप्रत्यक्ष फ्री किक म्हणजे चेंडू दुसऱ्या कुणाला तरी लागायला हवा, थेट गोल होत नाही, हे कॅप्टनला माहीत नसेल असं नाही. पण समोर आठ यार्डांवर गोल दिसतोय म्हटल्यावर माणसाला नियम आठवत नाहीत. मला तरी कुठे आठवला होता!

सर सामना चालू असताना बाहेरून ओरडत नसत. रेफरी माणूस, त्यांना ते असभ्य वाटायचं. मी तिकडे पाहिलं. त्यांनी छत्री खाली टाकली आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. भर पावसात, पंचाने बांधल्यासारखे.

मी ओरडलो, "बसा रे सगळे!" खो-खोतला माणूस, दुसरं काय ओरडणार? पण पोरं खरंच बसली. कॅप्टनने थेट मारला. चेंडू माझ्या कानाजवळून गेला, मी हात मागे धरून उभा, आणि फाटक्या जाळीत गोल. ते नाचले. आमच्याच कॉलेजच्या पोरांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या स्मरणिकेत छापता येणार नाहीत. रेफरीचा हात मात्र अजून वरच होता. चेंडू कुणालाच लागला नव्हता. रेफरीने गोलकिक दिली, म्हणजे गोल नाही, चेंडू पुन्हा आमच्याकडे. पाच मिनिटं वाद झाला, मग त्यांनाही पटलं, आणि आम्ही १-० जिंकलो.

परतीच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले. मला वाटलं शाबासकी देतील. डेक्कन येईपर्यंत काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "पण उचललास का?" दुसऱ्या दिवशी पंचा पंधराऐवजी तीस मिनिटं.

अंतिम सामना ३-० हरलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता माझा पॉवर प्रेसचा कारखाना आहे. ३५ कामगार, गाड्यांचे सुटे भाग करतो, गेल्या वर्षापासून थोडा माल बाहेरदेशीही जातो. प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, राहू नयेत म्हणून ती सोय. तरी नवा मुलगा कामावर आला की पहिले चार दिवस मी स्वतः त्याच्यामागे उभा राहतो. बटणांवर माझा पूर्ण विश्वास नाही.

मधे मुलीला कॉलेज दाखवायला आणलं होतं. मैदान निम्मं राहिलंय, उरलेल्यात दुचाक्या लागतात. जिमखान्याच्या पायऱ्यांना ग्रॅनाइट लावलाय. मुलगी स्वतः फुटबॉल खेळते, तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर, रात्री दहाला, दिव्यांच्या उजेडात. २०२२ला महिलांच्या आशियाई करंडकाचे सामने आपल्या बालेवाडीत झाले, तेव्हा तिने मला टीव्हीसमोर बसवून ऑफसाइड समजावून सांगितला. चांगलं चाललंय तिचं. पण घरी येते तेव्हा तिचे मोजे पांढरे असतात, आणि ते मला खटकतं. म्हाताऱ्याची कुरकुर समजा.

सर समारंभाला येणार आहेत असं पत्रात वाचलं. मी कोथरूडात त्यांच्या घरावरून आठवड्यातून दोनदा जातो आणि गेल्या सहा वर्षांत एकदाही जिना चढलो नाही. कारण काही नाही. गाडी लावायला जागा नसते, हे मी स्वतःला सांगतो.

जाता जाता एक. १९९३च्या मार्चमध्ये नोटीस बोर्डावरचा तो लाल शाईचा कागद नाहीसा झाला. सर चिडले होते, आणि कपाटाच्या किल्ल्या शिपाई मामांकडे असल्यामुळे बोलणी मामांनी खाल्ली. कागद माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटायला लागला म्हणून लॅमिनेट करून घेतलाय. समितीला प्रदर्शनासाठी हवा असेल तर देईन, परत मिळणार असेल तर. आणि मामा कुठे राहतात हे कुणाला माहीत असेल तर मला कळवा.