सोलापूरचा उन्हाळा आणि रेडिएटरचा पंखा
एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि माझ्या छोट्या गाडीचे दुखणेही नेमके तेव्हाच डोके वर काढते. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबले की तापमानाचा काटा चढायचा, मात्र होटगी रस्त्यावर वेग घेताच तो खाली यायचा; धावत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर (इंजिन थंड ठेवणारे द्रव जिथे थंड होते तो भाग) थंड ठेवतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचे, त्यामुळे माझा संशय पंख्यावरच होता. मेकॅनिकने तरीही आधी थर्मोस्टॅट, म्हणजे त्या द्रवाचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप, बदलला (तो खर्च वायाच गेला), मग पंख्याचा रिले (पंख्याचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) तपासला आणि दोष तिथेच निघाला. इंजिन तापलेले असताना मात्र रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे कूलंट (तेच थंड ठेवणारे द्रव) उसळून अंगावर येते.