कॅलिपरचा खालचा बोल्ट

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलेवाडीत माझे गॅरेज आहे. पावसाळ्यात आमच्याकडे ब्रेकची कामे नेहमीच अधिक येतात, कारण करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना ब्रेकचा जो कस लागतो, तो शहरात वर्षभर गाडी फिरवूनही लागत नाही. गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी वैभववाडीकडच्या शाळेत नोकरी करणारे एक शिक्षक आपली दीडशे सीसीची मोटरसायकल घेऊन आले. दर शनिवारी कोल्हापूरला घरी यायचे आणि सोमवारी पहाटे घाट उतरून शाळेत हजर व्हायचे, असा त्यांचा क्रम. पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो, एवढीच त्यांची तक्रार होती. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यावर उपाय म्हणून कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) बदलून झाला होता आणि आवाज होता तसाच होता.

कोनसेट ढिला असला तरी असाच आवाज येतो, त्यामुळे त्या मेकॅनिकचा तर्क अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र ही गाडी जागेवरच पुढे-मागे ढकलून ब्रेक दाबला की दिशा बदलताच पहिल्या झटक्याला एकदाच आवाज होई आणि नंतर शांत. मी तळहात कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला पॅडने दाबून धरणाऱ्या भागावर, ठेवला आणि सरांना ब्रेक धरून गाडी हलवायला सांगितली, तेव्हा कॅलिपर फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंचित सरकतो आहे, हे हाताला स्पष्ट जाणवले. खालच्या बोल्टला पाना लावला तर तो फिरतच राहिला. ना घट्ट होत होता, ना बाहेर येत होता. शेवटी मागून स्क्रूड्रायव्हरने रेटा देत तो काढला. त्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे चुरगळलेले थर होते, त्यात तांब्याच्या वायरच्या बारीक तारा दाबून बसवलेल्या होत्या आणि त्या सगळ्याच्या खाली अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी वेटोळी बोल्टला घट्ट चिकटलेली होती. ती वेटोळी म्हणजेच फोर्कच्या कानातले, म्हणजे कॅलिपर जिथे बोल्टने बसतो त्या भागातले, मूळचे आटे होते.

“एवढा बोल्ट बसला होता की मग, निघाला कसा?” असे सरांनी विचारले. बसला होता, पण ओढत नव्हता, आणि सगळा घोटाळा तिथेच होता. बोल्टचे काम भोक भरून काढण्याचे नाही. तो आवळला की स्वतः केसभर ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. आठ एमएमचा बोल्ट ३० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळला, की कॅलिपरचा ब्रॅकेट आणि फोर्कचा कान साधारण पावणेदोन-दोन टनांच्या ओढीने एकमेकांवर दाबले जातात. ब्रेक मारल्यावर फिरणारी डिस्क कॅलिपरला आपल्याबरोबर ओढू पाहते, तेव्हा तो जोर मुख्यतः या दाबलेल्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणावर पेलला जातो. आटे गेले की ताण संपतो, ताण संपला की घर्षणही संपते आणि मग कॅलिपर वरच्या एकट्या बोल्टभोवती हिसके खाऊ लागतो. टेप, तारा, एम-सील यांनी भोक भरते, बोल्ट हाताला घट्टही लागतो, पण दोन टन ओढण्याची ताकद त्यात कुठून येणार? इंजिनाच्या एखाद्या कव्हरच्या स्क्रूला अशी मलमपट्टी केलेली मी पाहिली आहे आणि तिकडे काणाडोळाही केला आहे; ब्रेकला ती केलेली पाहून मात्र मला राग आला.

उपाय तीन-चार सुचण्यासारखे होते. दहा एमएमचा बोल्ट घालायचा तर कानाची भिंत पातळ होणार होती आणि ब्रॅकेटचे भोकही मोठे करावे लागणार होते. अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग भरून नवे भोक पाडावे, तर उष्णतेने ओतीव कान वाकण्याची व नरम पडण्याची भीती होती. फोर्कचा नवा बॉटम, म्हणजे हा कान असलेला खालचा भाग, मिळाला असता, पण सोमवारच्या आत नक्कीच नाही. राहिला तो हेलिकॉइलचा मार्ग, आणि माझ्या मते नवा बॉटम हाताशी असता तरी तोच अधिक योग्य ठरला असता. हेलिकॉइल म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा छेद असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तारेचे, बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखे दिसणारे वेटोळे. त्याची बाहेरची बाजू अ‍ॅल्युमिनियममध्ये कापलेल्या मोठ्या आट्यांत बसते आणि आतली बाजू मूळ मापाच्या बोल्टला पोलादी आटे देते. मोठ्या व्यासामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला अधिक पृष्ठभाग येतो, त्यामुळे नीट बसवलेली जागा मूळच्यापेक्षा मजबूत होते.

यातला ‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा. गाडीवरच हँड ड्रिल चालवले, तर भोक एखाददुसऱ्या अंशाने तिरपे जाण्याचा धोका असतो. मग बोल्टचे डोके एकाच कडेवर टेकते आणि कॅलिपर डिस्कशी समांतर राहत नाही. म्हणून मी फोर्क उतरवून खोलायचे ठरवले. “काय ओ मिस्त्री, एका बोल्टासाठी सगळा फोर्क खोलायचा?” असे सर म्हणाले खरे, पण खोलताना ऑइल सील झिरपत असल्याचे दिसले आणि ते काम बरोबरच उरकले.

मोकळा बॉटम घेऊन मी उद्यमनगरात माझ्या ओळखीच्या अण्णांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. आमच्या उद्यमनगरात हव्या त्या मापाचा टॅप (आटे कापायचे हत्यार) आणि तो चालवणारा माणूस दोन्ही सापडतात, हे कोल्हापूरच्या मेकॅनिकचे भाग्यच. अण्णांनी कानाची सपाट बाजू पिलर ड्रिलच्या टेबलाला समांतर येईल असा बॉटम बांधला, डायलने तपासला, एका कोपऱ्याखाली पातळ पत्री सारली आणि पुन्हा तपासला. बांधणीला जेवढा वेळ गेला, त्याच्या चौथा हिस्साही भोक पाडायला लागला नाही. चकमध्ये आधी सरळ पिन धरून जुन्या भोकाचा मध्य गाठला, मग ८.३ एमएमचे ड्रिल रॉकेलच्या धारेखाली हळूहळू उतरवले. त्यानंतर मशीन बंद ठेवून, चकचाच आधार देत हेलिकॉइलचा खास टॅप हाताने फिरवला, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, म्हणजे किस तुटून मोकळा होतो.

कानाची जाडी १५ एमएम भरली, म्हणून १२ एमएम लांबीची कॉइल निवडली. पोलादी बोल्टला अ‍ॅल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट तरी पकड मिळावी, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे आणि ८ एमएमच्या दीडपट म्हणजे १२ एमएमच. मँड्रेलवर, म्हणजे कॉइल बसवायच्या दांड्यावर, चढवलेली कॉइल फिरवत आत नेली, वरचे टोक पृष्ठभागापासून पाव-अर्धा फेरा खाली गेल्यावर थांबवली आणि खालची आडवी शेपटी पंचच्या एका ठोक्याने तोडली. भोक आरपार असल्याने तुकडा टेबलावर पडला. नवा बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला. वरच्या भोकाचे आटे शाबूत दिसत होते, तरी एवढे दिवस सगळे हिसके त्या एकट्याने सोसले होते. अण्णा म्हणाले, “चांगल्या भोकाला कशाला हात लावतोस?” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. पण बॉटम टेबलावर बांधलेला असताना आणि गाडी घाटात जाणार असताना मी वरच्या भोकातही कॉइल बसवून घेतली.

संध्याकाळी फोर्क बांधला, दोन्ही बोल्ट नवे घेतले, आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा (बोल्ट आपोआप ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एकेक थेंब लावला आणि ठरलेल्या जोराला वाजणाऱ्या टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापाला आवळले. रेंचने दोन्हीकडे स्वच्छ ‘कट्’ दिला. बोल्टच्या डोक्यावरून कानापर्यंत पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढली आणि ती तुटलेली दिसली तर गाडी पुढे न नेता फोन करा, असे सरांना सांगितले. एअर गनने हे बोल्ट कोणालाही आवळू देऊ नका, हेही बजावले. बोल्टला लपेटलेले आटे पाहता ते मूळचे गेले होते तेही बहुधा अशाच बेभान आवळण्याने.

दिवाळीआधी ते ब्रेक पॅड बदलायला आले. रेघा सरळ होत्या. पॅडसाठी कॅलिपर उतरवावाच लागला, तेव्हा बोल्ट थ्रेडलॉकचा प्रतिकार मोडून सुरळीत निघाले, कॉइल जागच्या हलल्या नव्हत्या, आणि नव्याने आवळताना रेंच पुन्हा त्याच मापाला वाजला. आधीच्या गॅरेजमध्ये काढलेला जुना कोनसेट सरांनी पिशवीत घालून आणला होता. तो चांगलाच निघाला, म्हणून मी तो त्यांना परत दिला.